अकेशियाखाली ठेवलेला गुलाब

हरमलची मिरची आणायला म्हापशाला गेले आणि सात गुलाब घेऊन परत आले. पुढे जे काही झालं त्याचं मूळ एवढ्यातच आहे. मी ते कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा आधी हसतो, आणि मला ह्यात हसण्यासारखं फारसं काही सापडत नाही.

मे महिन्यातला शुक्रवार होता. पावसाच्या चार महिन्यांसाठी घरात जे सामान भरून ठेवायचं त्याला आमच्याकडे पुरुमेंत म्हणतात. मिरची, आमसुलं, सुकी सुंगटं, कांद्याच्या माळा अशी यादी घेऊन मी बाजारात शिरले होते. बाजाराच्या तोंडाशी बेळगावकडचा एक माणूस टेम्पोतून रोपं उतरवत होता. गुलाबाकडे मी एरवी वळूनही बघत नाही. तीस वर्षं पणजीला कचेरीत नोकरी केली. तिथे निरोपसमारंभाला जे गुलाब मिळायचे त्यांत नाक खुपसलं तर फ्रीजचा वास यायचा. पण त्या टेम्पोच्या बाजूने वारा आला आणि माझे पाय थांबले.

"वास घ्या मावशी. घेऊन मग नगं म्हणा," तो म्हणाला.

फूल दिसायला यथातथाच होतं. फिकट गुलाबी, पाकळ्यांचा नुसता गोंधळ. वास मात्र नाकातून थेट घशापर्यंत गेला आणि भर बाजारात माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कोरगावला माझ्या माहेरी विहिरीच्या काठाला असाच एक गुलाब होता. आई गेल्यावर त्याला पाणी घालायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि तो वाळून गेला. मी एक रोप घेतलं. मग वाटलं, हे जगलं नाही तर? म्हणून दुसरं घेतलं. घाबरून जास्तीची खरेदी करायची माझी सवय जुनीच आहे, आमच्या घरात मीठसुद्धा तीन डब्यांत असतं. बघता बघता सात रोपं झाली. दोन्ही हातांत पिशव्या आल्यावर मिरची घ्यायला हात उरला नाही, आणि मी तशीच डिचोलीच्या बसमध्ये चढले.

नवरा दारातच उभा होता. त्याने पिशव्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मिरची खंय?"

"संपली होती," मी म्हणाले. खोटं बोलायची सुरुवातही त्याच दिवशी झाली असं मला आता वाटतं.

आमचं घर डिचोलीच्या बाहेर, डोंगराच्या उतारावर पाडलेल्या प्लॉटांच्या वसाहतीत आहे. पलीकडे खाणीच्या मातीचे ढिगारे आहेत. खाणवाल्यांनी कधीकाळी त्या ढिगाऱ्यांवर ऑस्ट्रेलियातून आलेली अकेशिया लावली, कारण त्या मेलेल्या लाल मातीत दुसरं काही रुजेना. अकेशिया रुजली आणि मग थांबेचना. तिच्या शेंगा मुरडलेल्या असतात, त्यांतून काळं बी नारिंगी दोऱ्याला लोंबतं, पक्षी ते घेऊन जातात आणि उरलेलं पाऊस वाहून आणतो. वसाहतीत प्रत्येकाच्या परसात एक तरी आहे. लावलं कुणीच नाही.

आम्ही घर बांधलं तेव्हा आमचं झाड मनगटाएवढं होतं. नवरा बँकेतून नुकताच निवृत्त झाला होता आणि वर्तमानपत्रातलं पर्यावरणाचं पान शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता. सावली होईल, राहू दे, म्हणाला. बारा वर्षांत ते घराच्या दुप्पट उंच झालं. डोक्याच्या उंचीवर त्याचे दोन फाटे झाले होते, आणि त्यांतला जाडजूड फाटा आमच्या मागच्या खोलीवर वाकला होता. ती खोली आम्ही नंतर वाढवलेली, तिच्यावर स्लॅब नाही, कौलं आहेत.

मी गुलाब लावले ते ह्याच परसात. दुसरी जागा नव्हती. अकेशियाचा पाला कुजत नाही, वाळून कुरकुरीत होतो आणि जमिनीवर थर धरून बसतो. रोज झाडायचा, रोज बोटाएवढी शंभर रोपं उपटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकीच. माझी कंबर कामातून गेली. गुलाबांना ऊन मिळेना, ते नुसते वर वर चढत गेले. पावसात दोन मेले. उरलेल्या पाचांतल्या एकावर, विहिरीच्या बाजूला होता त्याच्यावर, दिवाळीच्या सुमाराला पहिली कळी आली.

ते फूल उमललं त्या सकाळी माझ्या हाताने जे केलं ते विचार करून केलं नाही. कोरगावला आमच्या काजूच्या बागेत काजऱ्याच्या झाडाखाली एक दगड होता. तो त्या जागेचा राखणदार. पहिला काजू, पहिला फणस, परसातलं पहिलं फूलसुद्धा त्याला ठेवल्याशिवाय आमच्या घरात कुणी तोंडात घालत नसे की केसांत माळत नसे. वर्षाला एकदा त्याला जाड भाकरीचा रोट द्यायचा, विडी ठेवायची. चाळीस वर्षांत मी ते केलं नव्हतं. पण फूल खुडलं आणि हात आपोआप जुन्या झाडाचं बूड शोधायला लागला. जुनं झाड एकच होतं. मी फूल अकेशियाच्या मुळाशी ठेवलं आणि हात जोडले.

कुंपणापलीकडून शेजारीण बघत होती. ती मूळची पेडण्याचीच, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला वयनी म्हणते.

"वयनी, थंय कोण आसा गो?"

नुसतं 'सवय' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिच्या आवाजात मला थोडी थट्टा ऐकू आली. माझा स्वभाव असा की कुणी थट्टा करतंय असं वाटलं की मी दोन पायऱ्या वर चढून बोलते.

"आमचो राखणदार. ह्या जाग्याचो," मी म्हणाले. आणि तेवढ्यावर न थांबता, "म्हाका सपनांत दिसलो," असंही म्हणाले.

तिचा चेहरा बदलला. तिने पायांतली चप्पल काढली आणि कुंपणाच्या पलीकडूनच नमस्कार केला. त्या वेळी मला गंमत वाटली होती.

आठवड्याभरात तिची हरवलेली कुडी सापडली. कपाटामागे पडली होती, कधीतरी सापडणारच होती. पण ती नारळ घेऊन आमच्या परसात आली. अमावास्येला दिवा आला. मग वरच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर आले, त्यांच्या गुडघ्यांसाठी. कुणी विड्यांचं बंडल ठेवलं, कुणी बुंध्याला अबोलीची माळ बांधली. आम्हा सगळ्यांची गावं वेगळी, घरं नवीन, ह्या वसाहतीला स्वतःचं देऊळ नाही की जुना दगड नाही. लोकांना जणू काहीतरी हवंच होतं. नवरा म्हणायचा, "तुझ्या परदेशी झाडाक गोंयचो देव गावलो." मी हसायचे. खरं सांगायला चार-पाच वेळा तोंड उघडलं, पण ज्या बाईने आपल्यासमोर हात जोडले तिला 'मी खोटं बोलले' असं कसं सांगायचं, ते मला जमलं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये लेक बाळंतपणाला आली. तिचं सासर मोरजीला. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे मागची खोली तिच्यासाठी आधीच साफ करून ठेवली होती. ती आली त्या संध्याकाळी पलंगावर आडवी पडून म्हणाली, "आई, हें वयर किरकिरता काय?"

मी ऐकलं. वारा फारसा नव्हता. तरी दोन फाट्यांच्या बेचक्यातून जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज येत होता. इतकी वर्षं तो येत असेल, पण मला तो पहिल्यांदा त्याच संध्याकाळी ऐकू आला, आणि मग एक दिवसही ऐकू आला नाही असं झालं नाही.

मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, त्यात वरच्या गल्लीत एक अकेशिया बुंध्यापासून मोडून पडली. स्कूटरवर आणि गडग्यावर पडली, माणसं वाचली. मी बघायला गेले. लाकूड आतून पिवळं आणि भुसभुशीत होतं.

झाड तोडायला परवानगी लागते. नवऱ्याने अर्ज केला, माणूस येऊन बघून गेला, धोकादायक आहे म्हणाला, आणि परवानगीचा कागदही वेळेवर आला. इथे काही अडलं नाही. अडलं ते झाड तोडणाऱ्याच्या मशीनजवळ. तो डिचोलीचाच होता. त्याने परसात येऊन मशीन खाली ठेवलं, वर बघितलं, मग खाली बघितलं. बुंध्याशी काजळी धरलेल्या पणत्या होत्या, नारळाच्या करवंट्या, वाळलेल्या माळा, आणि त्या सकाळीच कुणीतरी ठेवलेला माझ्याच झाडाचा गुलाब.

"काकी, हांव ह्या झाडाक हात लावचो ना."

"अरे, तिथे काही नाही."

"कायच ना जाल्यार दिवो कित्याक?"

तो मशीन उचलून गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसरा बेळगावचा, बांधकामावर काम करणारा. मला वाटलं, ह्याला इथल्या राखणदाराचं काय. तो म्हणाला, "देव तुमचा असला म्हणून काय झालं मावशी, माझी बी पोरंबाळं हाईत."

बातमी वसाहतभर झाली. शेजारीण आली ती उभ्यानेच बोलली. गरोदर बाई घरात असताना झाडाला कोयता लावत नाहीत, आणि हे तर राखणदाराचं झाड. "वयनी, तुमकांच सपनांत दिसलो न्हय? मागीर तुमीच कशें कापतात?"

ती गेल्यावर मी परसात उभी राहिले आणि मला भीती वाटली. झाड पडेल ही भीती होतीच, पण ही दुसरी होती. तिथे कुणी नाही हे साऱ्या जगात फक्त मला पक्कं माहीत होतं. फूल मी ठेवलं होतं, स्वप्न मी रचलं होतं. तरी त्या पणत्यांकडे पाठ करून घरात जाताना माझी पाठ ताठ झाली. झाड राहिलं तर लेकीच्या अंगावर पडेल, आणि तोडलं तर तिच्या पोटातल्या बाळाला काहीतरी होईल. दोन्हीकडून तीच. रोज सकाळी उठले की आधी झाडाकडे बघायचं, मग लेकीकडे. जेवण जाईना. ती विचारायची, आई, तुला बरं नाही का? मी म्हणायचे, पित्त झालं.

तिला पुढच्या खोलीत का हलवलं नाही, असं कुणीही विचारेल. हलवायचं ठरवलं होतं. पण नवऱ्याने टेपने सावली मोजून झाडाची उंची काढली. बँकेतला माणूस, त्याला आकडे लागतात. त्याने कागदावर घराचा नकाशा काढला, आणि कंपासने झाड पडू शकेल तो अर्धगोल. घर अख्खं त्या अर्धगोलात होतं. कागदाची घडी करून त्याने खिशात ठेवली आणि त्या दिवशी वर्तमानपत्र वाचलं नाही. मोरजीला परत पाठवायचा विचारही आला. पण पहिल्या बाळंतपणाला आलेल्या लेकीला आठव्या महिन्यात परत पाठवताना सासरच्या माणसांना कारण काय सांगणार? कारण मीच होते.

जूनमध्ये तिला मुलगी झाली. दोघी पाचव्या दिवशी घरी आल्या. पाऊस लागून राहिला होता, आणि मी त्या घरात देवघरापेक्षा जास्त वेळ मागच्या जनेलाच्या गजांशी उभी असायचे.

नववा दिवस. दुपारची जेवणं झाली होती. बाळाला न्हाऊ घालणारी बाई उशिरा आली होती म्हणून शेक-शेगडी पुढच्या खोलीतच मांडली होती आणि लेकही तिथेच होती. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते. वाऱ्याचा एक झोत आला, वर काहीतरी तडकलं, आणि मग घर हललं. मी मागे धावले. फांदी कौलांवर कलंडली होती. आढं टिकलं होतं, पण कोपऱ्यातली सात-आठ कौलं आत आली होती आणि पलंगावर पडली होती. बाळाची दुपट्याची घडी, तिची इवलीशी उशी, त्यावर लाल कौलाचे तुकडे आणि पाऊस. मी ती उशी उचलून छातीशी धरली आणि ओल्या जमिनीवर बसले. नवऱ्याने येऊन मला उठवलं.

त्याच दुपारी मी कोरगावला थोरल्या भावाला फोन केला. भाऊ काजूची बाग बघतो, आणि आमच्या वाड्यावर राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं काम त्याच्याकडे असतं. राखणदाराशी मोठ्याने बोलून जे मागायचं ते मागायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. मी त्याला सगळं सांगितलं. गुलाब, शेजारीण, स्वप्न.

"सपान पडलला तुका?"

"नाय. असांच सांगितलंय."

मला वाटलं तो हसेल, किंवा शिव्या घालेल. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"बाय, तू खोटां सांगितलंस, म्हणान थंय कोण नाय असा होणा नाय," तो म्हणाला. "इतक्या लोकांनी दिवो लायलो. दिव्याक कोण ना कोण येताच."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तो आला. पिशवीत नारळ, विड्यांचं बंडल, केळीच्या पानात बांधलेला रोट. पाऊस थांबला होता. आल्या आल्या त्याने चहासुद्धा घेतला नाही, परसात जाऊन झाडाभोवती एक फेरी मारली. डिचोलीच्या मशीनवाल्यालाही बोलावून घेतलं. कुंपणापलीकडे शेजारीण उभी होती, तिच्यामागे मास्तर.

मला वाटलं होतं गाऱ्हाणं भाऊ घालेल. आमच्याकडे बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, मी कधी ऐकलंही नव्हतं. त्याने नारळ माझ्या हातात दिला.

"तू बसयलंस. आता तूच उठय."

मी उभी राहिले. इतक्या लोकांसमोर, नारळ धरून.

"बा राखणदारा," मी म्हणाले, "तू असशीत तर माझा आयक. माझ्या तोंडान तुका हय आणलां. माझी चूक झाली. हय तुका बसाक जागो बरो नाय, आणि ह्या झाडाखाली माझा नातू... माझी नात निजता. तिका सांभाळ. माका काय करूचा ता कर, पण तिका सांभाळ."

"व्हय महाराजा," भाऊ म्हणाला. आणि कुंपणापलीकडून शेजारणीने आणि मास्तरांनीही तेच म्हटलं. मला रडू आलं. खोटं बोलून सुरू केलेल्या गोष्टीत मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं खरं मागत होते.

मी नारळ फोडायला वाकले तेव्हा भावाने माझा हात धरला. "थांब. उठवतंस, मगे बसवतलंस खंय? तसोच सोडलंस तर घरात येतलो."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी भोवताली बघितलं. कपडे धुवायची फातर होती, अकेशियाची बोटाएवढी रोपं होती, आणि पाच गुलाब. विहिरीकडचा गुलाब पावसात भिजून खाली मान घालून उभा होता. त्याच्यावर दोन फुलं होती. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

भावाने गुलाबाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बघ हां बाय. मगे तो गुलाब तुझो नाय."

"नाय," मी म्हणाले.

मशीनवाल्याने स्वतः हात जोडले आणि मग दोर बांधून तो वर चढला. दुपारपर्यंत झाड खाली आलं. बेचक्यात हात जाईल एवढी पोकळी होती, तिच्यात काळं पाणी साचलं होतं आणि मुंग्यांची पांढरी अंडी होती. तो म्हणाला, अजून एक वारा आला असता तर फांदी नाही, अख्खा फाटा आला असता. नवरा पोकळीत बघत "शास्त्रीयदृष्ट्या" एवढंच म्हणाला.

त्या रात्री मी पहिल्यांदा सलग झोपले. नात बरी होती, लेक बरी होती, कौलं नवीन घातली.

झाड गेल्यावर परसात इतकं ऊन आलं की सुरुवातीला मला डोळे बारीक करून बाहेर जावं लागायचं. गुलाबांनी अंग धरलं. विहिरीकडच्याने तर कमाल केली. बाकीच्या चारांना मिळून जितकी फुलं येत नाहीत तितकी त्या एकाला येतात. त्याचा वास सकाळी जनेलातून स्वयंपाकघरात येतो, तोच वास, ज्यासाठी मी मिरची सोडून आले होते. आता तो आला की मी हातातलं काम थांबवून आधी हात जोडते. लोकांच्या पणत्या त्याच्या मुळाशी आल्या. त्याचं फूल कुणी खुडत नाही. ती फुलं झाडावरच उमलतात आणि झाडावरच गळतात. मीही त्याच्या पाकळ्या झाडणीने झाडत नाही, हाताने वेचून विहिरीच्या काठाला ठेवते. चालताना माझा पदर काट्यात अडकला तर आधी घाबरून माफी मागते, मग पदर सोडवते. नवरा आता चेष्टा करत नाही.

गेल्या हिवाळ्यात लेक नातीला घेऊन मोरजीहून आली. नात दीड वर्षाची, धड चालत नाही पण थांबतही नाही. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला म्हणून लेक पाव घ्यायला पुढे गेली. मी फातरीवर कपडे धूत होते. वळून बघितलं तर नात विहिरीकडच्या गुलाबाशी उभी होती. तिने एक फूल मुठीत धरलं होतं, आणि मी ओरडायच्या आत ते ओढून काढलं.

मी धावले. साबणाच्या हाताने, पाय घसरत, तिच्यापर्यंत पोहोचले. आणि पोहोचल्यावर मी गुलाबासमोर उभी राहून हात जोडले. डोळे मिटले. "लहान आहे ती, तिला कळत नाही, तिच्यावर राग धरू नकोस, जे करायचं ते मला कर," असं काहीबाही मी पुटपुटत होते.

"आई," मागून लेक म्हणाली. "आदीं तिका घे."

मी डोळे उघडले. नात माझ्या पायाशी उभी होती, हात वर धरून. मुठीतून रक्त येत होतं. काटा तळहातात रुतला होता, ती रडत होती, आणि ते रडणं मला इतका वेळ ऐकूच आलं नव्हतं. लेकीने पावाची पिशवी टाकून तिला उचललं. काटा तिनेच काढला. माझ्याशी ती दुपारपर्यंत बोलली नाही, आणि बोलली तेव्हाही त्या गोष्टीबद्दल काही बोलली नाही. मला वाटतं, तिने बोलायला हवं होतं.

जखम दोन दिवसांत भरली. ताप आला नाही, काही झालं नाही. मी मात्र पंधरा दिवस रोज फोन करून विचारत होते, खाते का, झोपते का.

मार्चमध्ये दोघी पुन्हा आल्या. नात आता नीट चालते. सकाळी ती परसात गेली आणि मी हातातलं टाकून मागे गेले. गुलाब फुलांनी भरला होता. ती त्याच्यापासून दोन पावलांवर थांबली. हात पुढे केला नाही. तिने आपले इवलेसे तळहात एकमेकांवर ठेवले, डोळे घट्ट मिटले आणि ओठ हलवले, शब्द काही नाहीत, नुसतं पुटपुटणं.

कुंपणापलीकडे शेजारणीने कौतुकाने हाक मारली, "वयनी, पळयात गो, कितली शाणी!" तिच्याकडे आलेले मास्तरही हसले. लेक दारात उभी होती, ती हसली नाही.

मी नातीला उचललं. तिने डोळे उघडले नव्हते. तिचं काळीज माझ्या छातीला लागून धडधडत होतं.